दोन बल्ब, एक पंखा

मशीन तीनदा ओरडली आणि बंद पडली. सकाळचे दहा वाजले होते. म्हातारा बाजेवर उशीला टेकून चहात टोस्ट बुडवत होता. त्याच्या नाकातल्या नळीतली फुसफुस थांबली, तसा त्यानं टोस्ट हवेतच धरला आणि माझ्याकडे पाहिलं. भिजलेला तुकडा गळून चादरीवर पडला.

"गेली काय वं लाईन?"

"बोलू नका. दम वाचवा," मी म्हटलं.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. तरुणपणी सात वर्षं त्यानं कारंज्याच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ छातीत भरली आणि त्यावर चाळीस वर्षं बिडी ओढली. आता छाती कामातून गेली आहे. डॉक्टरनं घरी ठेवायला ऑक्सिजनची मशीन दिली. ती विजेवर चालते आणि खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढते. वीज गेली की तो नुसता डबा. तेवढ्यासाठी एक लहान सिलिंडर जवळ ठेवलेलं होतं. मी नळी त्याला जोडली आणि काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टीला टेकत आला होता. दोन दिवसांपासून झड, म्हणजे न थांबणारा पाऊस, लागलेली, मधूनमधून वीज जात होती आणि दर वेळी मी तेच सिलिंडर उघडत होते. आता त्यात फार तर तासाभराचं असेल.

आवारातल्या दवाखान्यात ऑक्सिजन नसतो; रिसोडला मोठ्या दवाखान्यात नेता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण रिसोड पाण्यापलीकडे होतं.

आम्ही राहतो ते विद्यापीठाचं आवार टेकाडावर आहे. तीन बाजूंनी धरणाचं पाणी आणि चौथ्या बाजूला रपटा, म्हणजे पाण्यातून जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता. धरण तुडुंब भरलं की रपटा बुडतो आणि टेकाडाचं बेट होतं. दरवर्षी चार-सहा दिवस होतं. त्या दिवसांत पोरं शिकतात, गाई दूध देतात, मी भाकरी थापते, आणि कोणी मेलंच तर त्याला थांबावं लागतं.

मी डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि बॅटरीच्या खोलीकडे निघाले. निघताना म्हाताऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावून पाहिली. एक्याण्णव. परत फिरून पुन्हा पाहिली. तेवढाच.

"आता जाशीन का पायतच बसशीन?" तो म्हणाला.

बॅटरीच्या खोलीत आवारातला वायरमन भिंतीवरच्या डब्यासमोर उभा होता. तो रिठदचा, चाळिशीतला, आणि चूक त्याची नसली तरी आधी स्वतःची बाजू सांगायची त्याला सवय.

"काकू, तुमची लाईन मी नाई काटली. या डब्यानं काटली."

"तुह्या हातानं जोड मंग."

"कशी जोडू? बॅटरी खाली आली का हा तिसरा रकाना आपोआप काटते. मॅडमनंच तसं बसवून देल्लं. त्या एका तारेवर सारं होस्टेल हाये, हापिस हाये, तुमचे क्वार्टर हायेत. थे जोडली तं घंटाभरात सारी बॅटरी खलास. मंग दवाखान्याचं फ्रिजबी गेलं, पान्याची मोटरबी गेली."

"जनरेटर?"

"डिझल काल संपलं. रपट्यावर कमरेइतकं पानी हाये, कॅन आनन कोन?"

तिसरा रकाना काय ते त्यानं मला समजावायची गरज नव्हती. तो मी स्वतः वाचला होता. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी, मोठं अक्षर मला वाचता येतं.

त्याची गोष्ट अशी. या आवाराला वीज पाण्यातल्या खांबांवरून यायची. दर पावसाळ्यात एखादा खांब कलायचा आणि आठवडाभर अंधार. म्हणून विद्यापीठानं ठरवलं, बेटाची वीज बेटावरच करायची. उन्हाची करायची, शेणाची करायची, आणि बॅटरीत भरून ठेवायची. त्याचा आराखडा करायला मागच्या पौषात एक मॅडम आली. पुण्याकडची, तिशीच्या आतली, पायात मोठे बूट. मला वाटलं होतं खुर्चीत बसून कागद रंगवेल. पण ती पहिल्याच दिवशी गोठ्याच्या पत्र्यावर चढली. कोणत्या झाडाची सावली कुठल्या वेळी कुठवर येते ते चुन्यानं जमिनीवर आखून ठेवलं. पाण्याच्या टाकीवर वारा मोजायचं भिंगरीसारखं यंत्र बांधलं, आणि वाऱ्यात काही दम नाही म्हणून आठ दिवसांनी काढलं. गोठ्यात उभं राहून शेणाची टोपली मोजली. मला विचारलं, मेसमध्ये रोज उष्टं-खरकटं किती निघतं. मी सांगितलं, दोन ड्रम, आणि सोमवारी अडीच, कारण सोमवारी दुधी असतो. तिनं सोमवारसुद्धा लिहून घेतला.

मग ती घरोघरी फिरायला लागली. हातात पाटी, तिला कागद अडकवलेला. कोणाकडे काय काय चालतं, किती वाजता, किती वेळ.

इथेच सगळं बिघडलं, आणि ते मी बिघडवलं.

आमच्याकडे कागद-पेन घेऊन विजेचं विचारणारा माणूस आला की बाई आधी लांब काठी शोधते. तारेवरचा आकडा काढायला. माझं सासर रिसोडजवळचं, बागाईतवाल्यांचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. विहिरीवरची मोटर आकड्यावर चालायची. एकदा वीजचोरी पकडणारं पथक आलं, तेव्हा माझ्या सासूनं चाळीस हात तार मेथीच्या वाफ्यात पुरली आणि वर विळा घेऊन मेथी कापत बसली. पथकवाल्यानं विचारलं, म्हातारे, पाणी कशानं देते? ती म्हणाली, देव देते. पथक गेलं. त्या दिवशी मी जे शिकले ते शाळेत शिकवत नाहीत, आणि ते मी अजून विसरले नव्हते.

मॅडमनं सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "खरं सांगा. कोणालाही दंड नाही. मला फक्त गरज मोजायची आहे." दंड नाही असं पथकवालेही दारात म्हणायचे.

मुलींच्या होस्टेलमध्ये कॉइलच्या शेगड्या होत्या. नियमानं बंदी, पण दर खोलीत एक. सकाळी आंघोळीचं पाणी, रात्री मॅगी. मॅडम होस्टेलकडे वळली तशा दोन मुली मेसमध्ये धावत आल्या.

"काकू, पथक आलं काय वो?"

"आलं असंच समजा. आना साऱ्या शेगड्या इकडं."

गव्हाची रिकामी कोठी होती. तिच्यात मी तेवीस शेगड्या रचल्या, वर बारदाना टाकला, बारदान्यावर पीठ पसरलं. मॅडम मेसमध्ये आली, कोठी उघडून पाहिली, "पीठ चांगलं आहे" म्हणाली आणि गेली. पुढे तिनं तीन दिवस होस्टेलच्या तारेवर मोजायचं यंत्र लावलं. ते तीन दिवस पोरींनी पौषाच्या थंडीत गार पाण्यानं आंघोळी केल्या. यंत्रावर आकडा इतका कमी आला की मॅडमनं होस्टेलचं कौतुक केलं.

मग ती आमच्या क्वार्टरला आली. म्हातारा इथे चौकीदार होता. तो निवृत्त झाला तरी क्वार्टर राहिलं, कारण मी मेसमध्ये आहे. क्वार्टर कामावरच्या माणसाच्या नावावर हवं, असा नियम, आणि आमचं अजून त्याच्याच नावावर होतं. घरात मोठी मशीन चालते आणि तिच्यावर एक निवृत्त माणूस जगतो, हे कागदावर आलं की कोणीतरी विचारणार, हा इथे कसा? ते मला नको होतं. मी मशीन बाजेखाली सरकवली, वरून गोधडी सोडली, आणि म्हाताऱ्याची नळी काढून त्याला बाहेर ओट्यावर बसवलं.

"सांगून टाक तिले," तो म्हणाला. "पोरगी चांगली दिसते."

"तुमी गप बसा."

मॅडमनं मला विचारलं, "आजी, घरात काय काय चालतं विजेवर?"

"दोन बल्ब, एक पंखा."

"टीव्ही? मिक्सर?"

"कायले लागते मिक्सर? हात हायेत."

तिनं लिहिलं. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. "आजोबांना दम लागलाय का?"

"जिना चढून आलो," म्हातारा म्हणाला.

आमच्या क्वार्टरला जिना नाही. मॅडम पुढच्या क्वार्टरकडे वळली. गावाकडची म्हातारी माणसं काहीही बोलतात असं तिला वाटलं असेल.

पंधरा दिवसांनी मोठ्या खोलीत बैठक झाली. सगळे सर लोक होते. मी चहा घेऊन गेले. भिंतीवर मोठा कागद लावलेला आणि त्यावर तीन रकाने. पहिला, कधीच बंद होणार नाही ते: दवाखान्यातलं लशींचं आणि सर्पदंशाच्या औषधाचं फ्रिज, पाण्याची मोटर, अंडी उबवायची खोली. दुसरा, दिवसा चालेल ते: प्रयोगशाळा, चारा कापायची मशीन. तिसरा, वीज कमी पडली की आधी बंद होईल ते. त्यात होस्टेल, ऑफिस, आणि सगळ्यात खाली, कर्मचारी निवास. माझ्या क्वार्टरचा नंबर. दोन बल्ब, एक पंखा.

मी कप ठेवत ठेवत ते वाचलं. परत वाचलं. ट्रे घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले. मला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी दुसरंच बोलले. म्हटलं, "मॅडम, झडीत काय करता?"

सगळे सर हसले. मॅडम हसली नाही. म्हणाली, "तीन दिवस ऊन नाही असं धरलंय, आजी."

"आमच्याकडं झड तीन दिवसानं थांबत नाई. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाई."

तिनं जुन्या पावसाच्या नोंदी मागवल्या, पुन्हा हिशेब मांडला आणि बॅटऱ्या वाढवल्या. म्हणजे जे खरं सांगितलं ते त्या पोरीनं ऐकलं. जे खोटं सांगितलं तेही ऐकलं.

शेवटी ती प्रत्येकाकडे कागद घेऊन आली. "तुमच्या घरचं बरोबर लिहिलंय ना? मग सही करा." मी सही केली. अंगठा नाही, सही. अक्षर चांगलं आहे माझं.

उन्हाळ्यात सगळं उभं राहिलं. गोठ्याच्या आणि होस्टेलच्या छतावर प्लेटा चकाकायला लागल्या. खालच्या उतारावर गोबरगॅसची टाकी झाली, मेसची चूल तिच्यावर पेटली. वीज जाईना. पोरींनी शेगड्या कोठीतून परत नेल्या आणि आता दिवसातून तीनदा लावायला लागल्या. मशीन आमच्या बाजेशेजारी अखंड चालायची. मी खोटं बोलले हे मला आठवायचं बंद झालं होतं.

आणि भाद्रपदात झड लागली. पहिल्याच दिवशी पाण्यातला खांब पडला आणि बाहेरून येणारी उरलीसुरली वीजही गेली, दुसऱ्या दिवशी रपटा बुडाला, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला डब्यानं तिसरा रकाना काटला.

"मॅडमले फोन लाव," मी वायरमनला म्हटलं.

"रेंज टाकीच्या जिन्यावरच येते, काकू. पानी चालू हाये."

"मंग टाकीवर चाल."

आम्ही टाकीच्या जिन्यावर उभे राहिलो. माझा पाय एका जागी ठरत नव्हता, मी एक पायरी वर, एक पायरी खाली करत होते. फोन लागला. वायरमननं अर्धवट काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्या हातात कोंबला. मॅडम वाशिमला होती.

"आजी, काय झालं?"

"माझ्या म्हाताऱ्याची ऑक्सिजनची मशीन बंद पडली."

"कोणती मशीन?"

"घरातली. दोन वर्षांपासून हाये. तुमी आले तवा बाजेखाली लपवली होती मी."

फोनमध्ये पावसाचाच आवाज येत होता, तिकडचा का इकडचा कळेना. मग ती म्हणाली, "तुम्ही दोन बल्ब आणि एक पंखा सांगितला होता."

"खोटं सांगतलं."

"बरं. किती वेळ चालते ती?"

"रात्रंदिवस."

"सिलिंडर किती आहे?"

"पाऊन घंटा."

"बॅटरी इतकी खाली कशी आली? माझ्या हिशेबानं अजून चार दिवस पुरायला हवी होती."

"पोरींच्या शेगड्या. तेवीस. त्याबी मीच लपवल्या होत्या."

रागावली असेल तर तिनं दाखवलं नाही, किंवा दाखवायला वेळ नव्हता. ती भराभर सांगत गेली. "आजोबांना अंडी उबवायच्या खोलीत न्या. तिथला प्लग पहिल्या रकान्याचा आहे, बंद होणार नाही. पण त्या खोलीतला हीटर आणि तुमची मशीन दोन्ही चालले तर बॅटरी रात्रीतच संपेल. एकच चालेल. ढगातूनही प्लेटा थोडं देतात, एकटी मशीन त्यावर दोन दिवस निघेल. आणि त्या तेवीस शेगड्या आधी जप्त करा. लाईन परत आली की पोरी पुन्हा लावतील."

"करते."

"आजी, एकच चालेल. ऐकलंत ना? मी एवढ्या लांबून ठरवू शकत नाही कोणतं."

मला ठरवायला वेळ लागला नाही. पण हीटर माझा नव्हता.

क्वार्टरला आले तर म्हातारा डोळे मिटून बसला होता. चिमटीत अठ्ठ्याऐंशी. होस्टेलमधल्या चार मुली बोलावल्या. त्यांनी बाजच उचलायला घेतली.

"आडवा नका नेऊ वं पोट्ट्याहो," म्हातारा तुटक तुटक म्हणाला. "आडवा नेला तं लोकं फुलं टाकतीन. खुर्ची आना."

खुर्ची आणली. दोघी पुढे, दोघी मागे. मी एका काखेत मशीन, दुसऱ्या हातात सिलिंडर. मशीन जड आहे. वाटेत चिखलात माझी एक चप्पल रुतून राहिली. ती मी नंतर काढली.

अंडी उबवायच्या खोलीत एक शेवटच्या वर्षाची मुलगी होती. उंच, तोंडाची फटकळ, माझ्या वरणात पाणी जास्त असतं असं भर मेसमध्ये सांगणारी. गावरान कोंबडीची दोनशे चाळीस अंडी तिनं उबवायला ठेवली होती. त्यावरच तिला डिग्रीसाठीचं शेवटचं पुस्तक लिहायचं होतं. तिला मी दारातच सांगितलं, हीटर बंद करावा लागेल.

"काकू, एकोणीस दिवस झाले," ती म्हणाली. "दोन दिवसांनी पिल्लं निंगतीन. माझं सारं वर्ष हाये त्याच्यात."

"यायचा ऑक्सिजन अर्धा घंटा राह्यला." मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तुमी तवाच काहून नाई सांगतलं? मॅडम दारात येऊन विचारत होती नं?"

"नाई सांगतलं. लपवलं."

"अन् त्याची भरपाई मी करू?"

"हो."

मी तिच्या पाया पडले नाही. रडले नाही. तसं करून तिच्याकडून काढून घेणं मला पटलं नसतं, आणि तेवढा वेळही नव्हता. तिनं मला एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण ती चुकीची नव्हती. मग तिनं स्वतः जाऊन हीटरचं बटण बंद केलं आणि म्हाताऱ्याची मशीन स्वतःच प्लगला लावली. मशीन ओरडली, थरथरली, चालू झाली. नळीत फुसफुस आली.

"आता अंड्याचं काय करू?" ती म्हणाली.

"मेसमधी चाल."

बाई माणूस अंडी हीटरशिवाय उबवत आलं आहे. कोंबडी खुडूक बसेना झाली की आम्ही अंडी टोपलीत, कुटारात म्हणजे भुशात, चुलीजवळ ठेवायचो. दोन-चार दिवस निघायचे. मेसची चूल गोबरगॅसवर होती आणि शेण काही सूर्य पाहून पडत नाही. मी मोठ्या पातेल्यांत पाणी तापत ठेवलं. गोठ्यातून सोयाबीनचं कोरडं कुटार आणवलं. चार टोपल्यांत अंडी मांडली. पोरींच्या पाण्याच्या बाटल्या गरम पाण्यानं भरून फडक्यात गुंडाळून मधे मधे खोचल्या आणि वरून माझ्या गोधड्या टाकल्या. त्या मुलीनं तिचं ताप मोजायचं यंत्र कुटारात खुपसलं आणि दर अर्ध्या तासानं आकडा वहीत लिहायला लागली. गरम जास्त झालं की ओरडायची, कमी झालं की ओरडायची.

"काकू, इकडं उतरलं."

"बाटली बदल."

"थे बाटली लय गरम हाये."

"मंग फडकं दुहेरी कर. सांगावं लागते काय?"

पातेली चढवून झाली तशी मी होस्टेलमध्ये गेले. घमेलं घेऊन खोली खोली फिरले.

"काकू, आमच्याकडं शेगडी नाई," एकीनं सांगितलं.

"मीच लपवून देल्ली होती तुले. काढ पलंगाखालून."

तेवीसच्या तेवीस निघाल्या. तीन खेपा झाल्या. त्या मी पुन्हा कोठीत टाकल्या. या वेळी वर पीठ पसरलं नाही.

तो दिवस आणि पुढचा दिवस मी फक्त चालत होते. मेसमधून अंड्यांच्या खोलीत, तिथून बॅटरीच्या खोलीत, तिथून पुन्हा मेसमध्ये. वायरमन डब्यावरचा आकडा सांगायचा, मी तो मुलीला सांगायची, ती वहीत लिहायची. का लिहायची, तिलाच माहीत. खाली बसलं की मला काहीतरी बंद पडल्याचा आवाज यायचा आणि मी उठायची. एकदा तर उठून मेसची घंटाच तपासली. म्हातारा रिकाम्या अंड्यांच्या कपाटांमधे खुर्चीवर बसलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला थोडा दम आला तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"मले उबवून राह्यले काय वं इथं?"

"उबवून काय निंगन तुमच्यातून?" मी म्हटलं.

"बिडी पेवनारा कोंबडा," तो म्हणाला आणि इतका हसला की चिमटीतला आकडा घसरला. मी त्याला हसायची बंदी केली.

त्या दोन रात्रींचं सांगण्यासारखं काही नाही. मी जागी होते. ती मुलगीही जागी होती. आम्ही एकमेकींशी बाटल्यांशिवाय काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन नाही, पण उजेड पडला. वायरमन धावत आला, "काकू, आकडा चढून राह्यला!" दुपारी रपट्याच्या बाजूनं पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं. मासे धरणारे भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात फिरतात, तसा एक तराफा. त्यावर एक भोई, डिझेलचे दोन कॅन, ऑक्सिजनचं मोठं सिलिंडर, आणि मधोमध घट्ट धरून बसलेली मॅडम. तिच्या मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तीच पाटी.

उतरली, आधी म्हाताऱ्याची चिमटी पाहिली, मग बॅटरी पाहिली, मग माझ्यासमोर येऊन पाटी उघडली.

"आजी, आता पहिल्यापासून. मशीन किती तास?"

"चोवीस."

तिनं ते पहिल्या रकान्यात लिहिलं. क्वार्टर कोणाच्या नावावर, हे तिनं विचारलं नाही. ते ऑफिसनं नंतर विचारलं, आणि त्याचं अजून चालूच आहे.

"शेगड्या?"

"तेवीस. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी पाच, रात्री नऊनंतर पुन्हा."

"आणखी काय लपवलंय?"

"मेसमधी मसाला दळायची मशीन हाये. पोत्याच्या मागं. मोठी."

"टीव्ही?"

"तोबी हाये."

तिनं सगळं लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. या वेळी मी सही करायच्या आधी पूर्ण वाचला.

त्या मुलीचं पुस्तक त्या वर्षी झालं नाही. तिनं पुढच्या हंगामात पुन्हा अंडी ठेवली, म्हणजे सहा महिने गेले. माझ्याशी ती बोलते. वरणात पाणी जास्त आहे, एवढंच बोलते.

एकविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी मेसच्या चुलीजवळच्या टोपल्यांत अंडी फुटली. दोनशे चाळीसपैकी सदुसष्ट पिल्लं जगली. म्हाताराही जगला.